जुनी डिझेल गाडी: घरच्या पान्याची हद्द कुठे संपते?

लांबपल्ला

कॉमन रेल (डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी पद्धत) आलं आणि डिझेलला घरी हात लावायचे दिवस संपले, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. फियाटचं १२४८ सीसी मल्टीजेट घ्या. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांच्या बॉनेटखाली तेच. एप्रिल २०२० ला बीएस ६ (उत्सर्जनाचा नवा कडक नियम) आलं आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणजे त्यांची रस्त्यावरची प्रत्येक डिझेल गाडी आता जुन्यातच जमा. या इंजिनात टाकीपासून हाय प्रेशर पंपापर्यंतची बाजू कमी दाबाची असते. तिथपर्यंतचं सगळं घरी करावं. त्यापुढचा पंप, रेल आणि इंजेक्टरच्या लोखंडी नळ्या यांना घरी पाना लावू नये.

सगळ्यात आधी ऑइल. फिल्टरसकट साधारण ३ लिटर लागतं. बाजारात साडेतीन लिटरचा डबा मिळतो आणि पैसे दिलेत म्हणून लोक तो पूर्ण रिकामा करतात. असं करू नका. अडीच लिटर ओता, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि मग ऑइल मोजायची काडी बघत थोडं थोडं वाढवा. काडीवरच्या वरच्या खुणेच्या वर ऑइल गेलं की ते ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या) पाइपातून हवेच्या वाटेने इंजिनात ओढलं जातं. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा. फिल्टरच्या टोपीची रबर रिंगही नवी, आणि ती बसवण्याआधी ऑइलचं बोट फिरवून घ्यायचं.

ऑइलला एवढं महत्त्व का, तर या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि तिचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी पडलं किंवा जळून पातळ झालं की सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड येते. तशीच दामटली की चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. पुस्तकातली १०,००० किमीची मुदत नव्या गाडीची. जुन्या गाडीला ७,५०० च्या पुढे जाऊ देऊ नये.

डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ग्लो प्लगची (थंड इंजिन सुरू करायला आतली हवा तापवणाऱ्या प्लगची) तपासणी, हीसुद्धा घरचीच कामं. बोला.

नोझलबुवा

ऑइलपर्यंत ठीक. पण डिझेल फिल्टर 'घरचं काम' म्हणून खपवताय, तिथेच पहिली विकेट पडते.

कॉमन रेल इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेजारी कुणी झाडू मारत असताना फिल्टर उघडायचा आणि आउटलेटच्या तोंडात एक कण गेला तर तो थेट पंपात. पुढे गाळायला काही नाही. पंप खरवडला की लोखंडाचा बारीक चुरा रेलमधून चारही इंजेक्टरमध्ये जातो. मग पंप, रेल, चार नोझल सगळं खोला, टाकीही धुवा. बिल गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर सहज जातं.

त्यात लोकांची आवडती सवय: नवा फिल्टर बाटलीतल्या डिझेलने काठोकाठ भरून बसवायचा, 'एअर धरू नये म्हणून'. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल हे न गाळलेलं डिझेल. ती फिल्टरची स्वच्छ बाजू असते. जुन्या बोलेरोला ते चालून जायचं, इथे चालत नाही.

लांबपल्ला

बुवा, शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच फिल्टर रिकामाच बसवायचा आणि हातपंपाने भरायचा.

क्रम असा. आदल्या दिवशी बॉनेटखालची धूळ हवेने उडवून घ्या. फिल्टरच्या डोक्याभोवतीचा भाग ब्रेक क्लीनर मारून, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. पाइप काढल्या काढल्या दोन्ही तोंडांना स्वच्छ प्लास्टिक पिशवी आणि रबरबँड. नवा फिल्टर बसवायच्या क्षणापर्यंत खोक्यातून बाहेर काढायचा नाही. मग हातपंप दाबत राहा. आधी तो पोकळ लागतो, मग जड होतो आणि शेवटी दाबलाच जात नाही. तेव्हा स्टार्टर मारा, पण एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. कोरड्या पंपावर स्टार्टर मारत बसणं हे धुळीइतकंच वाईट, कारण पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.

रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये यातलं किती पाळतात? तिथे जुना फिल्टर ज्या हाताने काढला त्याच हाताने नवा बसतो.

आणि फिल्टर न बदलता फक्त पाणी काढणं, हे तर ज्याने-त्याने करायलाच हवं. गाडी रात्रभर उभी असताना पाणी तळाला बसतं. सकाळी सुरू करण्याआधी खालचा स्क्रू दोन आटे सैल करून काचेच्या बरणीत अर्धा कप काढा. पाणी खाली, डिझेल वर, मधली रेघ स्पष्ट दिसते. पावसाळ्यात हे महिन्याला एकदा. ज्या गाडीची टाकी कायम पाववर असते तिच्यात तर नक्कीच, कारण रिकाम्या टाकीच्या भिंतींवर दमट हवेचं पाणी जमतं.

काळाधूर

तुमचं सगळं कॉमन रेलचं. खरी जुनी डिझेल म्हणजे इंडिका १४०५, क्वालिस, मेकॅनिकल पंपाची बोलेरो. तिथे हद्द वगैरे काही नाही, पंपाचं कॅलिब्रेशन सोडलं तर सगळं घरी होतं.

उदाहरण द्यायचं तर 'सकाळी लांबलचक स्टार्टर मारावा लागतो, दिवसभर मात्र झटक्यात लागते' ही तक्रार. दहापैकी आठ गॅरेजवाले बॅटरी किंवा नोझल सांगतील. आधी ग्लो प्लग बघा: वायर काढून मल्टीमीटरने टोक ते इंजिन बॉडी रेझिस्टन्स मोजा. एक ओहमच्या आसपास किंवा कमी आला तर ठीक, काहीच दाखवत नसेल तर जळलाय. इंडिकासारख्या प्री-चेंबरच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटणाऱ्या) इंजिनाला मुंबईच्या उकाड्यातसुद्धा ग्लो प्लग लागतो. मल्टीजेटला लागत नाही, म्हणून तिथे चारही मेलेले असले तरी मालकाला पत्ता नसतो.

ग्लो प्लग ठीक असतील तर मग हवा. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाइप क्लिप मारून जोडा आणि रात्रभर सोडा. सकाळी त्यात डिझेलऐवजी हवेचा लांब बुडबुडा दिसला की समजा, कुठूनतरी हवा शिरून डिझेल टाकीत परत उतरतंय. गुन्हेगार बहुतेक वेळा नोझलवरचा कापडी वेष्टनाचा बारीक रिटर्न (उरलेलं डिझेल परत नेणारा) पाइप. वरून कोरडा दिसतो, दुमडला की भेगा दिसतात. मीटरवर मिळतो, स्वस्त आहे, चारही तुकडे एकदम बदला.

एअर काढायची तर आधी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप, फेस थांबला की स्क्रू बंद. तरीही लागली नाही तर नोझलच्या दोन पाइपांचे नट १७ च्या पान्याने अर्धा आटा सैल करा, स्टार्टर मारा, डिझेल उसळ्या मारू लागलं की आवळा.

सेफ्टीफर्स्ट

काळाधूर यांचा शेवटचा परिच्छेद कृपया कॉमन रेलवाल्यांनी वाचूनही विसरून जावा. मेकॅनिकल पंपात नोझल साधारण १५०-२०० बारला उघडतं. मल्टीजेटच्या रेलमध्ये पूर्ण जोरावर १६०० बारपर्यंत दाब जातो. अशी चालू नळी सैल केली तर निघणारी चिळकांडी डोळ्याला दिसत नाही आणि कातडीतून आत शिरते. वर फक्त टाचणीएवढा डाग, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत डिझेल पसरत असतं. हे मलम लावून घरी बसायचं प्रकरण नाही, लगेच शस्त्रक्रिया लागते, उशीर झाला तर बोट जातं. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवा, हात नाही.

आणि गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर नाही. दोन घोड्या (जॅक स्टँड), सपाट फरशी, मागच्या चाकांना दगड. गाडीबरोबर आलेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो.

घाटमाथा

सगळे ऑइल-फिल्टरवर भांडताय, पण जुन्या डिझेलचा निम्मा त्रास ईजीआरचा (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) आहे. पिकअप गेला, काळा धूर आला, की ईजीआर काढा आणि मध्ये पत्र्याची बंद पट्टी ठोका. दोन बोल्टचं काम. इनटेक पुन्हा कधी काजळी धरत नाही. पीयूसीही पास होते, उलट धूर कमीच दाखवते. मग अडचण काय?

सेफ्टीफर्स्ट

अडचण ही की पीयूसीमध्ये डिझेलचा फक्त धूर मोजतात: बीएस ४ ला ५० एचएसयू (धुराच्या दाटपणाचं एकक), त्याआधीच्या गाड्यांना ६५. ईजीआर बसवलाय तो नायट्रोजन ऑक्साइडसाठी, आणि ते तिथे मोजलंच जात नाही. 'पास झाली' याचा अर्थ 'प्रदूषण वाढलं नाही' असा होत नाही. उत्सर्जनाची यंत्रणा निकामी करणं कायद्यातही बसत नाही. त्यात बऱ्याच बीएस ४ गाड्यांमध्ये ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) हवेचं गणित जुळत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी लिंप मोडमध्ये (मुद्दाम कमी ताकदीवर) जाते.

लांबपल्ला

बंद करण्यापेक्षा साफ करा, तेही घरचंच काम आहे. व्हॉल्व्ह काढा, इलेक्ट्रिकची बाजू वर धरा, कार्बोरेटर क्लीनर फक्त काजळीच्या तोंडात मारा, अर्धा तास भिजू द्या, प्लास्टिकच्या ब्रशने घासा. लोखंडी पेचकसाने सीट खरवडली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि मूळ तक्रार दुप्पट होते. अख्खा भाग बादलीत बुडवला की मोटर गेली. गॅस्केट नवं. आणि घाटमाथा, काळ्या धुराला ईजीआरच्या आधी एअर फिल्टर आणि टर्बोचे रबरी पाइप बघा हो. इंटरकूलरच्या पाइपला क्लिपखाली चीर असली तर चढावर फुस्स आवाज येतो आणि धूर तोच.

बोअरवेल

एक छोटी भर. कूलंटमध्ये बोअरचं पाणी ओतणाऱ्यांनी बाकी काहीही केलं तरी उपयोग नाही. क्षाराचा थर हेडच्या वाटांमध्ये बसतो, मग घाटात हेड गॅस्केट. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिळतं ते. भरताना हीटर गरमवर ठेवा, म्हणजे तिथली हवाही निघते. टोपी थंड इंजिनावरच उघडायची.

काळाधूर

डिझेलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल टाकण्याबद्दल कुणीच बोललं नाही? बीएस ३ च्या डिझेलमध्ये सल्फर ३५० पीपीएम होतं, आता १०. कोरडं डिझेल जुन्या रोटरी पंपाला मारतं.

नोझलबुवा

सल्फर काढताना जे वंगण जातं त्याची भरपाई रिफायनरीतच अ‍ॅडिटिव्ह घालून करतात, डिझेलच्या प्रमाणकात वंगणक्षमतेची मर्यादा ठरलेली आहे. जुन्या पंपातून डिझेल पाझरतं ते बहुधा कडक झालेल्या जुन्या सीलमुळे. त्यावर टू-टीचा उपयोग शून्य, सील किट बदला. कॉमन रेलमध्ये तर काहीच टाकू नका.

वायरिंगवाला

लांबपल्ला यांची रेघ मला जास्तच अलीकडे वाटते. इंजेक्टर खोलायचा नाही, मान्य. पण कुठला खराब आहे हे घरी कळतं. चारही इंजेक्टरचे रिटर्न पाइप काढून चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत सोडा, मूळ रिटर्न लाइनचं तोंड बुजवा, गाडी आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) तीन मिनिटं चालवा. रिटर्न कमी दाबाचा असतो, धोका नाही. तीन बाटल्यांत सारखं आणि चौथीत दुप्पट-तिप्पट आलं तर तोच इंजेक्टर. गाडी लागतच नसेल तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून स्टार्टर मारताना रेल प्रेशर बघा. ते सुमारे २०० बारपर्यंतसुद्धा चढत नसेल तर दाब कुठेतरी निसटतोय, आणि मग स्टार्टर चालू असतानाच कुठल्या बाटलीत धार लागते ते दिसतं. यानंतर पंपवाल्याकडे गेलात तर तो चारही इंजेक्टर गळ्यात मारू शकत नाही.

नोझलबुवा

ही चाचणी जरूर करा, आम्हालाही बरं पडतं. फक्त दोन गोष्टी. इंजेक्टर बदलला तर त्याच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरला जातोय का ते उभं राहून बघा. तो न भरता दिलेली गाडी आयडलला ठोकते आणि मालक बिचारा नव्या इंजेक्टरलाच नावं ठेवतो. आणि खालचा तांब्याचा वॉशर जुनाच तापवून परत बसवतात, तो नवा मागून घ्या. तिथून कंप्रेशन निसटलं की इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो, आणि पुढच्या वेळी तो इंजेक्टर हेडमधून निघता निघत नाही.