नागपूरच्या उन्हाळ्यात संगणकासाठी कस्टम वॉटर कूलिंग बांधून घ्यावे का?

वऱ्हाडी_रेषा

नमस्कार. मी नागपुरात घरूनच वास्तुविशारदांसाठी इमारतींची त्रिमितीय दृश्ये रेंडर करून (संगणकाकडून चित्रे काढून) देते. दोन वर्षांपूर्वी जुळवून घेतलेल्या माझ्या संगणकात रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड आहे. प्रोसेसरवर दोन पंख्यांचा मोठा एअर कूलर बसवलेला आहे. हिवाळ्यात काहीच अडचण येत नाही. मात्र एप्रिल लागला की दुपारी खोलीतले तापमान ३८-३९ अंशांवर जाते, रेंडर सुरू होताच प्रोसेसर ९५ अंशांना टेकतो, ग्राफिक्स कार्ड ८३-८४ अंशांवर राहते आणि पंख्यांचा आवाज इतका वाढतो की शेजारच्या खोलीत आईची दुपारची झोप मोडते.

ज्यांच्याकडून सुटे भाग घेतले, त्यांनी कस्टम वॉटर कूलिंग, म्हणजे सुटे भाग जुळवून पाण्याने थंड करण्याची यंत्रणा, सुचवली आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच लूपमध्ये (पाण्याच्या बंद फेऱ्यात), ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर, पारदर्शक कडक नळ्या आणि बसवण्याची मजुरी असा ८२ हजार रुपयांचा अंदाज त्यांनी दिला आहे. खोलीत एसी नाही, खिडकीला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आहे. संगणक महिन्यातले वीस-बावीस दिवस चालतो आणि त्यावरच माझे घर चालते. हा खर्च करावा का, आणि केल्यास पुढची देखभाल मला एकटीला जमेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उष्मामापी

मी वातानुकूलन यंत्रणांचे आराखडे करतो, त्यामुळे आधी हिशेब मांडतो.

पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ती चिपपासून उचलून रेडिएटरपर्यंत पोहोचवते. रेडिएटरमधून ती शेवटी तुमच्या खोलीतल्या हवेतच जाते, आणि म्हणून पाण्याचे तापमान खोलीच्या तापमानाखाली कधीही उतरत नाही. तुमचा प्रोसेसर कारखान्याच्या मूळ सेटिंगवर २३० वॅटपर्यंत आणि ग्राफिक्स कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज घेते. दोन्ही एकाच वेळी पूर्ण ताणाखाली आले तर ६८० वॅट होतात. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. प्रवाह मिनिटाला तीन लिटर धरला तर पूर्ण फेरीत पाणी जेमतेम सव्वातीन अंशांनी तापते. म्हणूनच पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की ग्राफिक्स कार्डाकडे, या वादात फारसा अर्थ नसतो. खरा प्रश्न रेडिएटर हवेपेक्षा किती अंश वर स्थिरावतो एवढाच आहे. पंखे मध्यम वेगावर ठेवले तर ३६०चे दोन रेडिएटर एवढा भार ढोबळ मानाने खोलीपेक्षा दहा-बारा अंश वर सांभाळतील. तुमची खोली ३९ अंशांवर असेल तर पाणी ५० अंशांच्या आसपास जाईल.

इथे नागपूरचा मुद्दा येतो. अशा लूपमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या डी५ पंपासाठी पाण्याची कमाल मर्यादा ६० अंशांची सांगितलेली असते आणि पीईटीजी या प्लास्टिकच्या कडक नळ्याही त्या सुमारास नरम पडू लागतात. पुण्यात डिसेंबरमध्ये जी पंचवीस-तीस अंशांची मोकळीक मिळते, ती तुमच्याकडे मे महिन्यात दहा अंशांची उरते. लूपमध्ये साधारण एक लिटर पाणी असते. रेडिएटरचे पंखे बंद पडले आणि पूर्ण भार चालू राहिला, तर ते मिनिटभरातच आणखी दहा अंशांनी तापेल. त्यामुळे तुम्ही हा मार्ग धरलाच, तर पाण्यात तापमानाचा सेन्सर बसवणे आणि ५५ अंशांना संगणक आपोआप बंद होईल अशी सोय करणे मी अनिवार्य मानतो.

दुसरी गोष्ट प्रोसेसरच्या रचनेची आहे. ७९५०एक्समधली उष्णता सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या दोन इवल्या चिपलेटांतून (चिपच्या छोट्या तुकड्यांतून) निघते आणि वर जाड धातूचे झाकण आहे, त्यामुळे उष्णतेची कोंडी पाण्यापर्यंत पोहोचण्याआधीच होते. शिवाय हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत वेग वाढवत जाईल अशाच पद्धतीने घडवलेला आहे. प्रोसेसरवरचा कूलर बदलल्यावर बहुधा तापमान तेच दिसेल आणि वेग थोडा वाढेल. ग्राफिक्स कार्डाची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे. त्याची चिप ६०० चौरस मिलिमीटरच्या वर आहे, तिच्यावर झाकण नाही आणि पाण्याचा ब्लॉक (आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) थेट तिच्या अंगाला भिडतो. पाण्याचा सगळ्यात मोठा फायदा तिथेच होतो.

एक रुपयाही खर्च करण्याआधी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन प्रोसेसरला १०५ वॅट असे नाव असलेल्या, कमी विजेच्या इको मोडवर टाका, म्हणजे त्याची प्रत्यक्ष कमाल १४२ वॅट होईल. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर, म्हणजे ३१५ वॅटवर आणा. मग तोच प्रसंग पुन्हा रेंडर करून घड्याळ लावून पाहा आणि आकडे इथे द्या.

सह्यवाट

उष्मामापींचा हिशेब मला मान्य आहे. मी डोंबिवलीत गेली पाच वर्षे कस्टम लूप वापरतो आहे आणि मला तो अतिशय प्रिय आहे, म्हणूनच त्याची दुसरी बाजूही पूर्ण सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

पहिला लूप मी एका स्वस्त किटपासून बांधला. त्यातला रेडिएटर ॲल्युमिनियमचा होता आणि मी प्रोसेसरवर बसवलेला ब्लॉक तांब्याचा होता. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजू लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आठ महिन्यांनी तापमान हळूहळू चढू लागले. ब्लॉक उघडला तेव्हा तांब्याच्या केसाएवढ्या बारीक खाचांमध्ये राखाडी, दह्याच्या साईसारखा थर बसलेला होता आणि निम्म्या खाचा पूर्ण बुजल्या होत्या. जुन्या टूथब्रशने तो थर काढायला एक संपूर्ण रविवार गेला. त्यानंतर मी रेडिएटर, ब्लॉक आणि फिटिंग यांपैकी काहीही घेताना धातू कोणता आहे हे आधी विचारतो. तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा एकत्र चालतात, ॲल्युमिनियम अजिबात नको.

दुसरा धडा नव्या रेडिएटरचा. त्याच्या आत डाखणीचे उरलेले फ्लक्स आणि बारीक कण असतात. लूपमध्ये जोडण्याआधी तो गरम पाण्याने निदान चार-पाच वेळा खळखळून धुवावा आणि शेवटचे पाणी पांढऱ्या वाटीत काढून पाहावे. माझ्या दुसऱ्या रेडिएटरमधून तिसऱ्या खेपेलाही वाटीच्या तळाशी काळे कण आले होते. भरताना डिस्टिल्ड पाणी सीलबंद कॅनमधलेच घ्यावे आणि त्यात शेवाळ धरू नये यासाठीचे बायोसाइड व गंज रोखणारे द्रव्य घालावे, किंवा तयार कूलंट वापरावा. रंगीत, ढगाळ दिसणारे कूलंट मात्र टाळा, कारण त्यांतला रंग कालांतराने ब्लॉकमध्ये साचतो.

देखभालीचे म्हणाल तर वर्षातून एकदा पाणी बदलणे आणि दोन वर्षांतून एकदा ब्लॉक उघडून साफ करणे, एवढे धरून चाला. कडक नळ्या असतील तर दर वेळी एक-दोन नळ्या सोडवाव्या लागतात आणि ते जिकिरीचे होते. ईपीडीएम या रबराच्या काळ्या मऊ नळ्या दिसायला साध्या असतात, पण त्या कापायला सोप्या असतात, तापल्या तरी आकार सोडत नाहीत आणि साध्या पारदर्शक पीव्हीसीप्रमाणे त्यांतून प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारे द्रव्य) पाझरून पाणी गढूळ होत नाही. लूप भरल्यावर एसएमपीएसवरून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागावरून) फक्त पंप चालवून, बाकी कशालाही वीज न देता, प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून एक रात्र काढावी. माझ्या तिसऱ्या लूपच्या वेळी पहाटे चार वाजता एका कागदाच्या कोपऱ्यावर नाण्याएवढा ओला डाग दिसला होता. फिटिंगमधली रबरी रिंग मुरगळून बसली होती. ती बदलली आणि पुढे थेंबही आला नाही. हल्ली हाताने हवा भरून दाब तपासण्याचे साधन मिळते. पाणी घालण्याआधीच गळती कळते, म्हणून ते जरूर घ्यावे.

रेषाताई, या सगळ्यात तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की गळती झाली किंवा पंप बिघडला तर माझा संगणक आठवडाभर उघडा पडून राहिला तरी चालते, कारण माझे पोट त्यावर नाही. तुमचे तसे नाही. एअर कूलरचा पंखा बिघडला तर तुम्ही दुपारी बाजारातून नवा आणून संध्याकाळी कामाला लागाल.

वऱ्हाडी_रेषा

दोघांचेही मनापासून आभार. काल दुपारी सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. खोली ३८ अंशांवर होती. एका बंगल्याच्या दिवाणखान्याची एक फ्रेम मूळ सेटिंगवर ९ मिनिटे २० सेकंदांत होते. ग्राफिक्स कार्ड ७० टक्क्यांवर आणल्यावर तीच फ्रेम ९ मिनिटे ५५ सेकंदांत झाली, कार्ड ७१ अंशांवर थांबले आणि प्रोसेसर इको मोडमध्ये ७८च्या वर गेला नाही. आवाजातला फरक इतका स्पष्ट होता की आईने संगणक बंद आहे का असे विचारले.

तरीही एक शंका उरते. कूलरच्या दमट हवेत संगणक चालवणे योग्य आहे का? पाण्याचा लूप असता तर त्यावर दव धरले असते का?

उष्मामापी

पस्तीस सेकंदांच्या बदल्यात एवढी शांतता मिळत असेल तर तो व्यवहार उत्तम आहे.

दव धरण्यासाठी पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असावा लागतो. तुमच्या संगणकातला प्रत्येक चालू भाग, आणि लूप असता तर त्यातले पाणीही, हवेपेक्षा गरमच असते, त्यामुळे ती भीती नाही. काळजी क्षारांची आहे. ताट्या झिजल्या असतील किंवा पाणी जास्त सुटत असेल तर कूलरच्या झोतातून बारीक तुषार उडतात आणि ते वाळले की नागपूरच्या जड पाण्यातले क्षार पंख्यांच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या) पातळ फिनांवर पांढरे होऊन बसतात. कॅबिनेट थेट झोतासमोर ठेवू नका, हवा खोलीत फिरून मग तिच्यापर्यंत पोहोचू द्या. कूलर चालू असताना समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडे हवेच, नाहीतर दमट हवा आत कोंडते आणि कूलर निकामी ठरतो. विदर्भातली मे महिन्याची कोरडी हवा कूलरमधून बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी सहज थंड होऊन येते. खोली ३९ची ३२ झाली तर प्रत्येक भागाचे तापमान जवळपास तेवढेच खाली येते. कोणताही लूप हे करू शकत नाही.

निशिगंध

मधला पर्याय कोणी मांडला नाही म्हणून लिहिते. प्रोसेसरसाठी कारखान्यातून भरून आलेला ३६०चा एआयओ (सगळे भाग आधीच जोडलेला बंद वॉटर कूलर) बसवता येईल. त्यात पाणी भरणे, ब्लॉक उघडणे असे काही नसते. मात्र नळ्यांच्या रबरातून पाणी अतिशय सावकाश उडून जाते, त्यामुळे पाच-सहा वर्षांनी तो बदलायचाच असे धरून चालावे. पंप प्रोसेसरवरच्या ब्लॉकमध्ये असतो. रेडिएटर त्याच्या वर राहील अशा रीतीने, म्हणजे शक्यतो कॅबिनेटच्या छताला लावावा. आतली थोडीफार हवा मग रेडिएटरमध्ये जमते आणि पंपात अडकून खरखर होत नाही.

पण रेषाताईंचा प्रोसेसर ७८ अंशांवर आला असेल तर त्यांना एआयओचीही गरज मला दिसत नाही. ग्राफिक्स कार्डावर पाण्याचा ब्लॉक बसवायचा तर मूळ हीटसिंक काढावा लागतो. त्याने वॉरंटीवर काय परिणाम होतो हे कार्डाच्या कागदपत्रांत वाचल्याशिवाय कोणालाही स्क्रू लावू देऊ नका.

जाता जाता, पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या परम ब्रह्म या महासंगणकाला थेट द्रवाने थंड ठेवण्याची व्यवस्था आहे. तिथे शेकडो प्रोसेसर एकाच दालनात दाटीने बसतात आणि यंत्रणेची निगा राखायला माणसे असतात. घरातल्या एका संगणकाची गरज तेवढी नसते.

वऱ्हाडी_रेषा

माझा निर्णय झाला आहे. लूपचा विचार मी सोडून देते. कॅबिनेटच्या पुढच्या काचेऐवजी जाळीचे पॅनेल मागवले आहे, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णतावाहक लेप) नवी लावते आणि उरलेल्या पैशांतून पुढच्या हंगामाआधी खोलीला एक टनाचा इन्व्हर्टर एसी घेईन, कारण त्या गारव्यात आईलाही बसता येईल. उष्मामापी, एसी लावल्यावर ग्राफिक्स कार्ड पुन्हा १०० टक्क्यांवर नेले तर एक टन पुरेल का?

उष्मामापी

एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. संगणक पूर्ण भारावर मॉनिटरसकट ८०० वॅटच्या आसपास उष्णता टाकेल, म्हणजे क्षमतेचा जवळजवळ चौथा भाग तिथेच जाईल. खोली दहा बाय बाराची असेल आणि वर थेट गच्ची नसेल तर पुरेल. वर गच्ची तापत असेल तर दीड टनाचा घ्या. एसी आणि कूलर एकाच वेळी लावू नका, कूलरची दमट हवा वाळवण्यातच एसीची बरीच शक्ती खर्ची पडेल.

सह्यवाट

जाळीचे पॅनेल लावल्यावर धूळ जास्त येईल. आतल्या बाजूने चुंबकी पट्टीची नायलॉन जाळी लावून घ्या आणि मे-जूनमध्ये दर पंधरवड्याला नळाखाली धुऊन, पूर्ण वाळवून मगच परत बसवा.