आयसीयूतला क्लेबसिएला जिवाणू पेशंटकडून पेशंटकडे जातोय का, हे कसं शोधायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार. तालुक्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. आमची स्वतःची मायक्रोबायोलॉजी लॅब नाही. सॅम्पल जिल्ह्याला जातात, रिपोर्ट पीडीएफमध्ये येतात.

अलीकडे तीन पेशंटच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला न्यूमोनिये आला, तिन्ही वेळा मेरोपेनेम या अँटिबायोटिकला रेझिस्टंट, म्हणजे त्याला न जुमानणारा. एकाच्या ईटी सिक्रिशनमध्ये (श्वासनलिकेतल्या नळीतल्या स्रावात), दुसऱ्याच्या लघवीत, तिसऱ्याच्या रक्तात. हा तिसरा पेशंट, एक आजोबा, वाचले नाहीत. पहिले दोघे शेजारच्या खाटांवर होते, मध्ये हात धुवायचं एकच बेसिन. आजोबा मात्र पार दुसऱ्या टोकाला, आणि ते ॲडमिट झाले तेव्हा पहिल्या पेशंटला घरी जाऊन पंधरवडा उलटला होता. सर म्हणतात, "संबंध नाही, बाहेरूनच घेऊन आलेत."

मला हे पटत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच (सरकारी आरोग्य संशोधन संस्था) क्लिनिकल सेंटरमध्ये असंच झालं होतं. पहिली पेशंट घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी दुसरा सापडला. जिवाणूंचं जीनोम सिक्वेन्सिंग (संपूर्ण जनुकीय रचना वाचणं) केलं तेव्हा साखळी पहिलीपासूनच निघाली. १८ जणांना लागण, ११ दगावले, त्यातले ६ थेट याच संसर्गाने. सिंकच्या ड्रेनमध्ये आणि साफ केलेल्या व्हेंटिलेटरवरही तो जिवाणू मिळाला.

सिक्वेन्सिंग आम्हाला परवडणार नाही. मग हाताशी आहे त्यातून माग कसा काढू? एक्सेलमध्ये काय काय नोंदवू? बेसिनचा स्वॅब पाठवू का? कृपया जाणकारांनी सांगा, आयसीयू रोज भरलेलं असतं.

प्रतिसाद

ताई, शंका रास्त आहे. मी मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीत आहे.

सगळ्यात आधी लॅबला आजच फोन करा आणि तिन्ही आयसोलेट (सॅम्पलमधून वेगळे वाढवलेले जिवाणू) जपून ठेवायला सांगा. प्लेटा टाकून दिल्या की पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

नोंदीत ॲडमिशनची तारीख, सॅम्पलची तारीख आणि प्रत्येक दिवसाची खाट हवीच. ४८ तासांनंतर घेतलेल्या सॅम्पलमध्ये जिवाणू आला तर रुग्णालयातला संसर्ग धरतात. आजोबांचं तेवढं लगेच बघा. व्होनेट हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एक्सेलमधला डेटा त्यात घेता येतो आणि ते क्लस्टरही (एकाच ठिकाणी, जवळजवळच्या काळात आलेल्या केसेस) शोधून देतं. पण अँटिबायोग्राम (कोणतं अँटिबायोटिक चालतं, कोणतं नाही याचा तक्ता) जुळला म्हणजे स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा वाण, एकच, असं धरू नका. रेझिस्टन्स देणारं एनडीएमसारखं जीन प्लाझमिडवरून (जिवाणूतला डीएनएचा सुटा तुकडा) वेगवेगळ्या जिवाणूंत जातं.

मधला दुवा बहुधा कल्चरमध्ये दिसतच नाही. आतड्यात जिवाणू असतो, पेशंटला त्रास काही नसतो. म्हणून आत्ता आयसीयूत असलेल्या सगळ्यांचे रेक्टल (गुदद्वारातले) स्वॅब घ्या. बेसिनच्या ड्रेनचाही पाठवा, आणि उरलेलं सलाईन, फीड त्यात ओतणं आजपासून बंद करा.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार. लॅबशी बोलले. रक्तातला आणि लघवीतला आयसोलेट आहे, पहिला टाकून दिलाय. आजोबांचं सॅम्पल सहाव्या दिवशीचं आहे. दोनच आयसोलेट तपासून उपयोग होईल का?