‘अंतरा’ची सुई: अजून किती घाबरायचं?

अबोली७:
तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक सुईने (डीएमपीए, आपल्याकडची ‘अंतरा’) एचआयव्हीचा धोका वाढतो, ही शंका अनेक वर्षं होती. ‘एको’ चाचणीत ती नीट तपासली. दक्षिण आफ्रिका, केनिया, झांबिया, इस्वातिनी इथल्या ७,८२९ बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशी सुई, तांबी किंवा दंडात त्वचेखाली बसवायची गर्भनिरोधक कांडी दिली. जून २०१९ मध्ये निकाल आला: तिन्ही गटांत लागणीत फारसा फरक नाही. ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुईबद्दलची सावधगिरीची अट काढली. नवरा निरोध वापरत नाही, तांबीला सासू नको म्हणते. अशा बाईला घरात न कळता घेता येणारं हे साधन. तिला घाबरवून काय मिळवतो आपण?

रानजाई:
घाबरवत नाही. पण ‘एको’ने एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि काहीच न वापरणाऱ्यांचा गट त्यात नव्हता. हाडांचं काय? घनता घटते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्येच छापायला लावला. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पटनचेरूला नेट-एन या अशाच सुईच्या चाचणीसाठी बायका जमवल्या होत्या. ही चाचणी आहे, हेच त्यांना सांगितलं नव्हतं. १९८६ मध्ये स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या उगाच नाही.

अबोली७:
पटनचेरूचा राग मलाही आहे. पण तो दोष न सांगणाऱ्यांचा, औषधाचा नाही. सुई थांबवली की हाडं बरीचशी भरून येतात. आणि नको असताना राहिलेल्या गरोदरपणाचा धोका कोण मोजतं? सुई वेळेवर घेतली तर वर्षाला हजारात दोघींनाच दिवस जातात.

रानजाई:
वेळेवर घेतली तर! रोजच्या व्यवहारात तारखा चुकतात आणि तोच आकडा शंभरात चार होतो.
माझ्या जावेला सुई देताना पाळी थांबू शकते, हे कुणी सांगितलंच नाही. दोन महिने पाळी नाही म्हणून ती रात्र रात्र जागी. चोरून तीनदा लघवीची तपासणी केली. कार्ड तांदळाच्या डब्यात लपवलेलं, ते सासूबाईंना सापडलं. पुढची सुई तिने घेतलीच नाही. सुई सोडल्यावर दिवस राहायला सात-दहा महिने लागू शकतात, हेही तिला माझ्याकडून कळलं. माझा राग संशोधनावर नाही, हे दडवण्यावर आहे.

नर्सताई_उपकेंद्र:
मी ही सुई देते. दोघींचं पटतं, तरी अबोलीताई, ‘सुरक्षित आहे’ एवढंच सांगून बाई टिकत नाही. पाळीचं आधी सांगितलेली बाई परत येते, न सांगितलेली बहुतेकदा येत नाही. रक्तदाब बघायचा, बाळ सहा आठवड्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल तर थांबायला सांगायचं, ‘सुईची जागा चोळू नका, शेकू नका’ म्हणायचं, तारीख लिहायची. पहिल्या वेळी पंधरा मिनिटं लागतात. लसीकरणाच्या दिवशी दारात तीस बाळं असतात, तेव्हा ती पंधरा मिनिटं मी कुठून आणू?