मदत हवी आहे: विद्यापीठातील विखुरलेल्या ग्रंथालयांची ‘एक व्यवस्था’ कधी झाली, हे कशावरून ठरवावे?

नमस्कार. विद्यापीठीय ग्रंथालयांच्या वाटचालीवर एक दीर्घ लेख लिहीत असून एका मुद्द्यावर अडले आहे. केंद्रीय ग्रंथालय, विभागांची ग्रंथालये आणि महाविद्यालयांचे संग्रह यांना मिळून ‘व्यवस्था’ नेमके कधीपासून म्हणावे?

आरंभीच्या काळाविषयी फारशी अडचण नाही. पॅरिसच्या सॉर्बोन महाविद्यालयात १२८९ पासून नेहमी लागणारे ग्रंथ वाचनकक्षात साखळीने बांधून ठेवीत आणि दुबार प्रती वेगळ्या संग्रहातून वाचायला देत. आजचा संदर्भ विभाग आणि देवघेव विभाग ही वाटणी मुळात तेवढी जुनी आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे बॉडलियन ग्रंथालय १६०२ मध्ये उघडले. तेथेही मोठ्या आकाराचे ग्रंथ साखळदंडात असत आणि साखळी पुठ्ठ्याच्या मोकळ्या कडेला जोडलेली असल्यामुळे त्यांची पाठ भिंतीकडे व पाने वाचकाकडे अशी मांडणी करावी लागे. ग्रंथ बाहेर न देण्याचा नियम इतका कडक होता की १६४५ मध्ये खुद्द राजा पहिला चार्ल्स यालाही नकार मिळाला.

गुंता पुढे होतो. एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांत अभ्यासवर्गांनी (‘सेमिनार’ नावाच्या विषयवार अभ्यासगटांनी) आपापली ग्रंथालये उभारली. त्यांची खरेदी व अनुदान स्वतंत्र असल्याने केंद्रीय ग्रंथपालाचा त्यांच्यावर अधिकार चालत नसे. ऑक्सफर्डमध्ये सामायिक संगणकीय तालिका (सर्व ग्रंथालयांतील ग्रंथांची एकत्रित सूची) आधी आली आणि विद्यापीठाची अनेक ग्रंथालये एका प्रशासनाखाली २००० मध्ये आली. महाविद्यालयांची ग्रंथालये तर आजही स्वायत्त आहेत, पण त्यांचे ग्रंथ त्याच तालिकेत सापडतात. मग व्यवस्थेचा आरंभ तालिकेपासून मोजावा की प्रशासनापासून?

माझा कल तालिकेकडे आहे, कारण ग्रंथ कोणत्या विभागाच्या पैशातून आला याच्याशी वाचकाला कर्तव्य नसते. तो कोणत्या इमारतीत, कोणत्या कपाटात आहे, एवढेच त्याला हवे असते. मात्र एकच तालिका असूनही दोन विभाग एकच महागडे नियतकालिक वेगवेगळे मागवत असतील, तर माझा निकष लंगडा पडतो, हेही दिसते.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांनी किंवा विद्यापीठात ग्रंथपाल म्हणून काम केलेल्यांनी कृपया सांगावे: एकत्रीकरणाचा काळ ठरवताना दाखल नोंदवह्या (संग्रहात आलेल्या प्रत्येक ग्रंथाला क्रमांक देऊन नोंद करण्याच्या वह्या), अंदाजपत्रके आणि ग्रंथालय समितीची इतिवृत्ते यांपैकी कशावर अधिक भिस्त ठेवावी? विभागीय ग्रंथ केंद्रीय नोंदवहीत चढवले गेले असतील, तर जुना दाखल क्रमांक शेऱ्याच्या रकान्यात राखण्याची पद्धत असते का?