आजीचं जाम झालेलं पायमशीन परत चालू करायचंय, सल्ला द्या

रिळवाली

नमस्कार मंडळी, आजीचं सिंगर पायमशीन माझ्याकडे आलंय. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, आणि बरीच वर्षं कोणी हातच लावलेला नाही. वरचं चाक जेमतेम एक बोट फिरतं आणि टक्क करून अडतं. उलटं फिरवलं तरी तेच. पट्टा कडक होऊन तुटलाय. टेन्शनचा (दोऱ्याचा ताण कमीजास्त करायचा) नॉब डाव्या टोकाला, तोंडावरच्या प्लेटवर आहे, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी चकरी) ठेवायची केस डावीकडून आत जाते, उलटी टीप मारायचा दांडा कुठेच सापडला नाही, टाका लहानमोठा करायला फक्त एक स्क्रू आहे. नंबर वाय अक्षराने सुरू होतो. घरात सगळे म्हणतायत भंगारात दे आणि नवीन घे. मला ते द्यायचं नाहीये, पण उगाच हट्टही करायचा नाही. हे दुरुस्त होण्यासारखं आहे का, आणि मी घरी काय काय करू शकते? हातात स्क्रूड्रायव्हर धरता येतो, त्यापलीकडे अनुभव नाही.

जुनंलोखंड

देऊ नका भंगारात! तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून ते क्लास १५ चं (सिंगरच्या एका जुन्या रचनेचं) मशीन आहे, आणि जुन्या मशीनवर शिकायचं असेल तर याच्याइतकं सोपं दुसरं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये याच रचनेच्या नकला भरपूर निघाल्या, त्यामुळे बॉबिन, बॉबिन केस, सुया अजून नव्या मिळतात. सिंगरने १९०० पासून नंबरच्या आधी अक्षरं टाकायला सुरुवात केली आणि वाय म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं. उलटी टीप नसणं हा बिघाड नाही, त्या काळच्या या मॉडेलला ती नव्हतीच.

आता जाम होण्याबद्दल. तुमच्या त्या "टक्क" वरून मला आशा वाटते. तेल आटून चिकट होतं तेव्हा चाक सगळीकडे सारखंच जड लागतं, गुळात चमचा फिरवल्यासारखं. तुमचं एका जागेपर्यंत मोकळं फिरून अडतंय म्हणजे बहुतेक काहीतरी मध्ये आलंय, आणि ते काहीतरी दहातल्या आठ वेळा दोरा असतो. सुई काढा, फूट (कापड दाबून धरतो तो पाय) काढा, सुईखालची प्लेट काढा, बॉबिन केस काढा आणि टॉर्च घेऊन बघा. त्याआत चंद्रकोरीसारखं शटल दिसेल, ते एका गोल रेसमध्ये (खाचेत) मागेपुढे हलतं, आणि जुन्या दोऱ्याचा इंचभर तुकडा त्या रेसच्या फटीत गेला की अख्खं मशीन थांबतं. रेसची रिंग काही मशीनवर दोन खिट्ट्यांनी धरलेली असते, काहींवर स्क्रूने. काढायच्या आधी फोटो काढा, काढताना फोटो काढा, शटल कुठल्या बाजूने बसलं होतं त्याचा तर नक्कीच काढा.

आणि चाकावर जोर लावू नका. काही झालं तरी नाही. ते ओतीव लोखंड आहे, वाकत नाही, तुटतं.

सुईदोरा

वरच्यांशी सहमत, फक्त एक जागा सगळे विसरतात म्हणून सांगते. चाकाच्या मागे, जिथे ते मशीनच्या अंगाला लागून असतं तिथे रिळाचा दोरा निसटून शाफ्टवर गुंडाळला जातो. माझ्या मशीनमध्ये असाच हातभर दोरा निघाला होता, काळा, तेलाने भिजून अगदी दोरखंडासारखा घट्ट झालेला, चिमट्याने एकेक वेढा काढावा लागला. चाक काढायचं म्हणजे मधला नॉब (बॉबिन भरताना सैल करतो तोच) त्यावरचा बारीक स्क्रू सैल करून फिरवून काढायचा, आत एक कान असलेला वॉशर असतो, तो कुठली बाजू बाहेर होती ते लक्षात ठेवा. उलटा बसला तर चाक फिरतं पण सुई हलत नाही, किंवा नॉब कितीही सैल करा बॉबिन भरताना सुई थांबतच नाही. तसं झालं तर घाबरू नका, वॉशर काढून अर्धा फेरा फिरवून परत बसवायचा.

पायमशीन_प्रेमी

तेलाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. फक्त शिलाई मशीनचं पातळ, पाण्यासारखं स्वच्छ तेल. खोबरेल नको, स्वयंपाकाचं कुठलंच तेल नको, ते सगळं काही दिवसांनी वाळून राळेसारखं होतं आणि पुढच्या माणसाला खरवडत बसावं लागतं. गंज सोडवायचे जे स्प्रे मिळतात ते अडकलेला स्क्रू सुटण्यापुरते ठीक, पण ते वंगण नाही, उडून जातं, त्यानंतर तेल घालावंच लागतं.

जिथे दोन धातू एकमेकांवर घासतात तिथे एकेक थेंब. वरची भोकं मुद्दाम तेलासाठीच आहेत. डाव्या तोंडावरची प्लेट काढून सुईच्या दांड्याला, फूटच्या दांड्याला. मग मशीन मागे कलंडवून खालचे सगळे सांधे. थेंब घाला, चाक आहे तेवढ्यातच मागेपुढे हलवा, सोडा, उद्या परत. हेअर ड्रायरची गरम हवा सांध्यावर दोन मिनिटं दिली की जुना चिकटा मऊ पडतो आणि तेल आत शिरतं. घाई केलीत तर काहीतरी मोडाल.

टीपकागद

केरोसीन का नाही सांगत कोणी? अर्ध्या तासात काम होतं.

पायमशीन_प्रेमी

@टीपकागद खालच्या भागात, शटलच्या रेसमध्ये, काढलेल्या सुट्या भागांना केरोसीन मी पण वापरतो. पण ते जुनं तेल पूर्ण धुऊन नेतं, धातू कोरडा पडतो, त्यामुळे लगेच पुसून नवीन तेल द्यायचं, विसरून चालणार नाही. उघड्यावर करायचं, जवळ आग नको, आणि मोटर असलेल्या मशीनवर मोटर उतरवल्याशिवाय अजिबात नाही. रंगाच्या बाजूला तर जाऊच नका.

जुनंलोखंड

रंगाचा विषय निघाला म्हणून हे कळकळीने सांगतो. त्या सोनेरी नक्षीवर शेलॅकचा (लाखेच्या वार्निशचा) पारदर्शक थर असतो आणि शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळतो. माझ्या पहिल्या मशीनवर मी स्पिरिटचा बोळा फिरवला, काळी घाण निघतेय म्हणून खूश झालो, आणि तिसऱ्या फेऱ्याला बोळ्यावर सोनेरी आलं. वेलीची दोन पानं गेली ती गेलीच, अजूनही त्या मशीनवर बसलो की नजर आधी तिथेच जाते. ते परत आणता येत नाही. म्हणून स्पिरिट नाही, सॅनिटायझर नाही, काच पुसायचं लिक्विड नाही. तेच मशीनचं तेल मऊ सुती कपड्यावर घ्यायचं, हलक्या हाताने गोल गोल, कापड सारखं बदलत राहायचं. वरच्या थराला बारीक तडे असतील तर साबणपाणी पण टाळा, तड्यातून पाणी खाली जातं आणि नक्षी उचलली जाते.

रिळवाली

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! प्लेट काढली तर कापड सरकवणाऱ्या दात्यांच्या खाली राखाडी नमदा झाला होता, अक्षरशः कापडासारखा एकसंध निघाला. आणि शटलच्या रेसमध्ये लाल दोरा!! पाऊण बोटाचा असेल. तो निघाला आणि चाक पूर्ण फिरलं, आधी जड, मग रोज तेल देत गेले तसं चौथ्या दिवशी एका बोटाने फिरायला लागलं. चाकामागे काही नव्हतं. तो लाल दोरा मी ठेवून दिलाय, आजीनेच घातलेला शेवटचा असणार.

आता पट्टा कुठला घेऊ? आणि सुया?

सुईदोरा

लाल दोऱ्याचं वाचून फार बरं वाटलं.

पट्टा चामड्याचा गोल, साधारण ५ मिमी जाडीचा, टोकाला तारेची पिन असलेला. आधी लांबच ठेवा, दोन्ही चाकांवरून घेऊन मग कापा. नवं चामडं पहिल्या काही दिवसांत ताणतं, तेव्हा परत थोडं कापून पिन नव्या भोकात घालावी लागेल, पट्टा खराब निघाला असं समजू नका. फार घट्टही नको, पायाला जड होतं आणि शाफ्टवर ताण येतो. घसरत नाही इतपत.

सुया साध्या घरगुतीच, चपट्या मानेच्या, पाकिटावर १३०/७०५ किंवा १५x१ असतं. रोजच्या सुती कापडाला १४ नंबर, पातळला ११ नाहीतर १२, जीन्सला १६. मशीनमध्ये जी जुनी सुई आहे ती टाकूनच द्या. रीळही नवीन घ्या, जुनं सुती रीळ कुजलेलं असतं, हाताने झटका दिला की तुटेल, मग दोष मशीनवर येतो.

रिळवाली

पट्टा बसला, सुई नवी, दोरा नवा. आणि आता हे: वरून टीप सुंदर, खालून नुसते लूप, टॉवेलसारखे. बॉबिनचं टेन्शन बिघडलं असणार म्हणून केसचा स्क्रू थोडा आवळला, काही फरक नाही. शिवाय मध्येच दोरा तुटतो, विशेषतः सुरुवातीला.

जुनंलोखंड

बॉबिनला हात लावू नका! नवशिक्याची हीच गल्लत होते. खाली लूप दिसतात म्हणजे वरचा दोरा सैल आहे. वरच्या दोऱ्याला कोणी ओढून धरत नाहीये म्हणून तो खाली लोंबतो. पहिली गोष्ट, दोरा ओवताना फूट वर होता का? फूट खाली असला तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये शिरतच नाही, नुसता कडेवर बसतो. फूट वर करून परत ओवा, मग फूट खाली करून दोरा ओढून बघा, हाताला स्पष्ट अडकल्यासारखं लागलं पाहिजे. नाही लागलं तर चकत्यांमध्ये जुन्या दोऱ्याचा भुगा किंवा गंजाचा ठिपका आहे, फूट वर ठेवून सुती कापडाची घडी त्यांच्या मधून ओढा.

बॉबिन केसचा स्क्रू जितका आवळलात तितका परत सोडा. तपासायचं असं की केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवायची, स्वतःहून खाली यायला नको, मनगटाला हलका झटका दिला की दोन बोटं उतरून थांबायला हवी. त्या स्क्रूला एका वेळी घड्याळाच्या पाच मिनिटांइतकंच फिरवायचं.

पायमशीन_प्रेमी

सुरुवातीला दोरा तुटण्याचं कारण पायात आहे असं मला वाटतं. पायडल दाबलं की चाक कधी कधी उलटं सुटतं, आणि उलटं गेलं की शटलमध्ये दोरा गुंततो. उजव्या हाताने वरचं चाक आपल्याकडे फिरवून द्यायचं आणि ते फिरत असतानाच पाय चालवायचा, दोन्ही पावलं पायडलवर, एक थोडं पुढे एक मागे. दोन दिवस दोरा न घालता नुसत्या रेघांच्या कागदावर शिवा, सुईची भोकं रेघेवर आणायची. हात बसतो. कापड न ठेवता दोरा घालून मात्र चालवू नका, लगेच गुंता होतो.

सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची, तीन चार टाके होईपर्यंत.

सुईदोरा

एवढं करूनही टीप सुटत असेल तर सुई उलटी आहे का बघा. कुठल्याही मशीनला नियम एकच, सुईची लांब खाच ज्या बाजूला तिकडून दोरा ओवायचा, आणि चपटी बाजू शटलच्या टोकाकडे. मॉडेलप्रमाणे डावं उजवं बदलतं म्हणून पाठ करून उपयोग नाही, शटलचं टोक सुईच्या कुठल्या अंगाने जातंय ते चाक हळू फिरवून डोळ्यांनी बघायचं. सुई खाली जाऊन परत दोन सव्वादोन मिमी वर आली की ते टोक तिच्या डोळ्याच्या जरा वरून गेलं पाहिजे. सुई पूर्ण वर ढकलून घट्ट केली नसेल तरी हे चुकतं. टायमिंग (सुई आणि शटलचा मेळ) बिघडलंय असं म्हणून कोणी उघडायला निघालं तर आधी एवढं बघा, या मशीनचं टायमिंग सहसा आपणहून हलत नाही.

रिळवाली

फूट खाली ठेवूनच ओवत होते!! आणि चकत्यांमधून काळा भुगा निघाला. आता खालून वरून टीप सारखी, कुठली बाजू सुलट ते कळत नाही. पायाची सवय व्हायला वेळ लागतोय, कागदाच्या तीन वह्या भोकं पाडून संपवल्या. काल उशीचा अभ्रा शिवला, शेवटी टीप पक्की करायला सुई कापडात ठेवून, फूट उचलून, कापड फिरवून चार टाके मागे मारले.

एकच राहिलंय, बॉबिन भरायचं रबर चाकावर घसरतं, बॉबिन सैल भरली जाते.

जुनंलोखंड

रबर कडक होऊन गुळगुळीत झालंय, नवी रिंग मिळते, बोटाने ताणून बसते, हत्यार लागत नाही. ती येईपर्यंत जुन्या रबरावर सॅंडपेपर हलका फिरवा, थोडे दिवस निघतील. आणि बॉबिन सैल भरली असेल तर ती वापरू नका, काढून परत भरा, नाहीतर परत लूप दिसतील आणि परत टेन्शनच्या मागे लागाल.