फ्रीराइड बाइक : वॉरंटीची वर्षं मोजून फ्रेम घ्यायची का?

बर्नबीकर
काल इथे कोणीतरी ठासून लिहिलं : फ्रीराइडला, म्हणजे डोंगरात मोठ्या उड्या मारायला, सांता क्रूझची नोमॅड घ्या की कॅन्यनची टॉर्क, ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबायचं अंतर) १७० मिमीच्या आसपासच, तेव्हा वॉरंटी बघा. सांता क्रूझ फ्रेमला आजीवन देते, कॅन्यन ६ वर्षं, विषय संपला. हे वाचून झोप लागेना, म्हणून लिहितोय.

माझी २०१५ ला घेतलेली फ्रेमही आजीवन वॉरंटीचीच होती. कंपनीचं नाव घेत नाही. व्हँकुव्हरजवळचे फ्रोम, सेमूर हे डोंगर आणि उन्हाळ्यात व्हिसलरचा बाइक पार्क, एवढंच तिचं आयुष्य. २०१८ च्या जूनमध्ये चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला) वेल्डपाशी चीर गेली. दुकानाने फोटो पाठवले, कंपनीने क्लेम मान्य केला. पण माझी फ्रेम तोवर बनायची बंद झाली होती. नवीन पिढीची आली. तिला मागे १४८ मिमीचा हब (चाकाचा मधला भाग) लागतो, माझं चाक १४२ चं. शॉकचं मापही बदललेलं. चाक, शॉक आणि मजुरी धरून त्या फुकटच्या फ्रेमवर हजार डॉलरच्या वर गेले. शिवाय बाइक उभी राहीपर्यंत ऑगस्ट संपला. व्हिसलरचा पार्क मे ते ऑक्टोबर चालतो, म्हणजे निम्मा सीझन मी गोंडोलाखाली उभा राहून दुसऱ्यांना ए-लाइन या उड्यांच्या वाटेवर उडताना बघितलं.

म्हणून म्हणतो, वर्षं मोजू नका. चिरल्यावर फोन कोण उचलतो, सुटे भाग किती दिवसांत येतात, ते बघा.

नोमॅडवाली
ते कालचं मीच लिहिलं होतं, आणि त्यावर ठाम आहे. तुमचीच गोष्ट पाहा. फ्रेम मिळाली ना? ६ वर्षांची वॉरंटी असती तरी २०१८ ला मिळाली असती, पण २०२२ ला चीर गेली असती तर काय केलं असतं? आणि १४२ च्या हबला अडॅप्टर मिळतात, चाक फेकायची गरज नव्हती.

दुसरं म्हणजे बेअरिंग. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च नुसता चिखल, दरवर्षी लिंकेजची (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांची) बेअरिंगं वाजायला लागतात. सांता क्रूझ पहिल्या मालकाला ती आयुष्यभर फुकट देते. मी चार वेळा घेतली. या पैशाचा हिशोब कोणी धरत नाही.

बर्नबीकर
अडॅप्टर लावला होता. डिस्क सरकवायला स्पेसर, चाक पुन्हा डिश करायचं (रिम मधोमध आणायची), एवढं करून ए-लाइनवर पहिल्याच आठवड्यात स्पोक सुटले. करून बघितल्याशिवाय सल्ले देऊ नका.

वेल्ड_तपासनीस
दोघेही मूळ प्रश्न सोडून बोलताय. आजीवन असो की ६ वर्षं, वॉरंटी असते ती माल आणि बनावटीतल्या दोषाला. झीज, थकवा (वारंवारच्या ताणाने धातू कमजोर होणं), आपटणं हे बहुतेक कंपन्या बाहेर ठेवतात. अ‍ॅल्युमिनियमला पोलादासारखी सुरक्षित मर्यादा नसते. छोटे धक्केसुद्धा साठत जातात आणि कधी ना कधी चीर येते. मग ती चीर दोषाची की थकव्याची? ठरवणार कंपनीच. वर्षांचा आकडा तिथे काय कामाचा?

आणि मॅन्युअल उघडून बाइकची कॅटेगरी बघा. एएसटीएम या मानक संस्थेच्या वर्गवारीत ४ म्हणजे १२२ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या, त्यापुढे ५. कॅन्यनने टॉर्क ५ मध्ये टाकली आहे. लोक ४ ची बाइक घेऊन दोन मीटरच्या ड्रॉपवर जातात आणि क्लेम फेटाळला की कंपनीला चोर म्हणतात. आयएसओ ४२१० या सायकल सुरक्षेच्या मानकातून तर स्टंट आणि हवेतल्या कसरतींसाठीच्या सायकली सरळ वगळल्या आहेत. फ्रीराइडवाला नेमका तिथेच असतो.

टेकडीवरून_थेट
पुण्यातून लिहितोय. तुम्ही लोक नशीबवान, तुमचा क्लेम निदान कोणी वाचतो तरी. माझी बाइक भाऊजींनी अमेरिकेत घेतली, खोक्यात घालून आणली. वर्षभरात सीटस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी वरची नळी) चिरला. इथल्या डीलरकडे गेलो, तर बिलावर नाव भाऊजींचं, तेव्हा 'तुम्ही पहिले मालक नाही' म्हणाला आणि हात वर केले. तीच कंपनी, तोच लोगो! वेताळ टेकडीवर काय असा रॅम्पेज (कड्यांवरून उड्या मारायची फ्रीराइड स्पर्धा) खेळतो मी?

पेठेतला_मेकॅनिक
मी डीलरकडेच काम करतो, म्हणून बोलतो. बाइक घेताना दुकानात फक्त साइज बघायला आलात, तासभर टेस्ट राइड घेतली आणि मागवली अमेरिकेतून. आता चिरल्यावर आम्ही आठवलो. फ्रेम खोलायची, शॉक काढायचा, फोटो, ई-मेल, नवीन फ्रेम आली की सगळं पुन्हा बसवायचं. दोन दिवसांचं काम. त्याचे पैसे कोण देणार?

टेकडीवरून_थेट
साइज बघायला मी आलो नव्हतो, भलते आरोप करू नका. तुमच्याकडे लार्ज फ्रेम नव्हतीच, चार महिने थांबा म्हणाले होते. आणि पैसे मागितले असते तर दिले असते. दारातूनच परत पाठवलं त्याचा राग आहे. ग्राहक मंचात जाईन.

पेठेतला_मेकॅनिक
जा की. २०१९ च्या कायद्याने राहत्या गावात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, तेही सांगतो. पण विकलं कोणी? अमेरिकेतल्या दुकानाने. आम्हाला प्रतिवादी करून काय मिळणार?

नोमॅडवाली
मेकॅनिक दादा, राग समजतो, पण त्यांची बाइक बघायलाही नकार देणं बरं नाही. माझ्या दुकानाने दुसरीकडून घेतलेल्या फ्रेमचा क्लेम पाठवला होता, मजुरी घेऊन. तो मुलगा आज तिथलाच गिऱ्हाईक आहे.

पेठेतला_मेकॅनिक
ठीक आहे. मजुरी घेऊन पाठवायला हवा होता, एवढं मानतो. साइज बघून गेलेले बरेच पाहिलेत, त्याचा राग इथे निघाला. तुमच्यावर काढायला नको होता. टेकडीवाले, भाऊजींनाच क्लेम टाकायला सांगा, बिल त्यांच्या नावावर आहे तर मालक तेच. चिरेचे जवळून फोटो, सिरीयल नंबर आणि पूर्ण बाइकचा एक फोटो. चीर पुसून स्वच्छ करा, घासू नका. घासली की क्लेम गेला.

टेकडीवरून_थेट
आजच करतो. धन्यवाद.

बर्नबीकर
आता माझं शेवटचं. नोमॅडवाली, तुम्ही 'आजीवन' म्हणता तेव्हा कोणाचं जीवन धरता? २००१ चा पहिला रॅम्पेज जिंकणारा वेड सिमन्स हा रॉकी माउंटन या बाइक कंपनीचा रायडर. त्या कंपनीने २०२४ च्या डिसेंबरमध्ये धनकोंपासून कोर्टाचं संरक्षण मागितलं. लॅकोंडेगी या रायडरने २०१४ चा रॅम्पेज वायटी कंपनीच्या बाइकवर जिंकला, त्या कंपनीने २०२५ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. फ्रीराइड ज्यांनी उभं केलं त्यांची ही गत. वॉरंटीचा कागद कंपनीएवढाच जगतो.

नोमॅडवाली
ही दोन नावं वाचून वाईट वाटलं. माझी पहिली बाइक रॉकी माउंटनच होती. बरं, कालचं वाक्य मागे घेते. आधी दुकान आणि भाग मिळतात का ते बघायचं, मग वर्षं. पण बेअरिंगचं सोडणार नाही.

बर्नबीकर
बेअरिंगचं मान्य. गेल्या हिवाळ्यात मी दोन वेळा विकत घेतली.

वेल्ड_तपासनीस
आणि कॅटेगरी?

नोमॅडवाली
बघितली. मॅन्युअल चार वर्षांत पहिल्यांदा उघडलं.