अर्थ, उच्चार, वाक्य: इंग्रजी शब्दांच्या तक्त्यातून देवनागरी उच्चाराचा रकाना काढून टाकावा का?

शब्दांकित (धागाकर्ता)

इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, देवनागरीत उच्चार आणि एक वाक्य. वर्गातला फळा असो, यूट्यूबवरचा धडा असो की स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, सगळीकडे हाच चार रकान्यांचा तक्ता असतो. माझं मत स्पष्ट आहे: उच्चाराचा रकाना नुकसान करतो, तो काढून टाकावा.

देवनागरीत 'वेस्ट' लिहून बघा. पश्चिम, कंबर, वाया घालवणे आणि बनियन या चारही अर्थांचे इंग्रजी शब्द आपण असेच लिहितो. त्यातले कंबर आणि वाया घालवणे इंग्रजीतही एकसारखेच उच्चारतात, बाकीचे दोन वेगळे. म्हणजे तीन उच्चारांचा आपण एक करून टाकला. 'पेन' म्हणजे लेखणी की वेदना? 'टेस्ट' म्हणजे चाचणी की चव? 'सेल', 'गेट', 'लेट' यांचंही तेच.

शिवाय शब्दातल्या कुठल्या तुकड्यावर जोर द्यायचा, हे या रकान्यात कधीच नसतं. नोंद या अर्थाच्या 'रेकॉर्ड'मध्ये जोर सुरुवातीला असतो. नोंदवणे या अर्थी तो शेवटी जातो आणि सुरुवातीचा 'रे' पातळ होऊन 'रि' होतो. 'फोटोग्राफ'चा 'फटॉग्रफर' होताना तर जवळजवळ सगळे स्वर बदलतात. स्पेलिंग बघून उच्चार लिहिणाऱ्याला हे दिसतच नाही.

चांगल्या कोशात शब्दाशेजारी तिरप्या रेघांमध्ये उच्चारचिन्हं असतात. ब्रिटिश इंग्रजीचे ध्वनी मोजून ४४. रोज दोन शिकले तर तीन आठवडे आणि एक दिवस लागतो. मग कुठलाही शब्द आयुष्यभर स्वतः वाचता येतो.

फळाखडू

पूर्ण असहमत. दोष लिपीचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे.

इंग्रजी बोलण्यात सर्वात जास्त येणारा स्वर म्हणजे जोर नसलेला, तोंड सैल सोडून काढलेला स्वर. तो आपल्या 'अ'च्या अगदी जवळ आहे आणि त्यासाठी आपल्याकडे घरचं अक्षर आहे. तरी आपण काय लिहितो? 'टॅलेंट', 'मोमेंट', 'प्रॉब्लेम'. स्पेलिंगमध्ये 'ई' दिसला की मात्रा दिली. खरे उच्चार 'टॅलंट', 'मोमंट', 'प्रॉब्लम' असे आहेत आणि ते देवनागरीत अचूक लिहिता येतात. ही चूक अक्षरांतर करणाऱ्याची आहे. तो कानाने न लिहिता डोळ्याने लिहितो.

'वेस्ट'चा गुंताही सुटतो. चार सुधारणा करा:

लांब 'ए' फोडून लिहा: लेखणी 'पेन', वेदना 'पेइन', चाचणी 'टेस्ट', चव 'टेइस्ट'. 'व्ह' फक्त वरचे दात खालच्या ओठाला टेकतात तिथे वापरा आणि 'व' ओठ गोल होतात तिथे. म्हणजे पश्चिम 'वेस्ट', कंबर 'वेइस्ट', बनियन 'व्हेस्ट'. पांढरा रंग मग 'व्हाइट' नाही, 'वाइट'. प्राणिसंग्रहालयाला 'झू' लिहून हकार आणू नका. 'ज'खाली टिंब द्या: 'ज़ू'. 'जहाज'मधला 'ज' म्हणताना जीभ दातांमागे टेकते, ती न टेकवता हवा सोडत राहिलं की हा ध्वनी येतो. आणि जोराच्या तुकड्याखाली रेघ ओढा.

एवढं पाचवीतल्या मुलाला एका तासात समजतं. राज्यात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. त्या वयात मूल आधी मराठी मुळाक्षरं आणि मग इंग्रजीच्या २६ अक्षरांची मोठी-छोटी रूपं गिरवतंय. त्यावर उच्चारचिन्हांची तिसरी लिपी लादायची?

शब्दांकित

तुमच्या चार सुधारणा मला पटल्या, पण यातून तुम्ही नवीच चिन्हपद्धत तयार केलीत, आणि ती जगातल्या एकाही कोशात नाही. मुलाला 'पेइन' शिकवलं, पुढे त्याने कोश उघडला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

फळाखडू

कोशापर्यंत पोचायला आधी दोनेक हजार शब्द यावे लागतात. तोपर्यंतचा जिना कोणता?

कानसेन

दोघेही एकेका शब्दात अडकला आहात. उच्चाराच्या ज्या चुका सर्वात जास्त ऐकू येतात, त्या एकेका शब्दाच्या नसतात, नियमाच्या असतात. क्रियापदाचा भूतकाळ घ्या. 'आस्केड', 'हेल्पेड', 'वॉच्ड' सर्रास ऐकू येतं. आपल्या व्याकरणातली कठोर आणि मृदू व्यंजनं इथे थेट उपयोगी पडतात. मूळ शब्दाच्या शेवटी कठोर ध्वनी असेल तर 'ट': 'आस्क्ट', 'हेल्प्ट', 'वॉच्ट'. मृदू ध्वनी किंवा स्वर असेल तर 'ड': 'ओपन्ड', 'प्लेड'. शेवटी आधीच 'ट' किंवा 'ड' असेल तरच जादा तुकडा: 'वॉन्टिड', 'नीडिड'. अनेकवचनाचंही असंच: 'कॅट्स' कठोर, 'डॉग्ज़' मृदू, आणि 'स'सारख्या सळसळत्या ध्वनीनंतर 'बसिज़'. हे दोन नियम आले की हजारो रूपं सुधारतात. कोणत्याच रकान्यात ते लिहावे लागत नाहीत.

आणि आधी ऐका, मग लिहिलेलं बघा. उच्चार डोळ्यांनी आधी वाचला की कान तेच ऐकतो.

अर्थाअर्थी

उच्चारावर एवढी चर्चा झाली, पण मला अर्थाच्या रकान्याची जास्त काळजी वाटते. 'अफोर्ड = परवडणे'. अर्थ बरोबर आहे, तरी वाक्य चुकतं. मराठीत 'मला ही गाडी परवडत नाही' म्हणताना कर्ता गाडी असते. इंग्रजीत कर्ता माणूस, आणि शब्दाला बहुतेक वेळा 'कॅन' किंवा 'कान्ट'ची सोबत लागते: 'आय कान्ट अफोर्ड धिस कार'. नुसता अर्थ पाठ केलेला मुलगा 'धिस कार इज नॉट अफोर्ड टू मी' म्हणतो. त्याने मराठी वाक्याचा सांगाडा तसाच उचलला. 'आवडणे' आणि 'लाइक', 'आठवण येणे' आणि 'मिस' इथेही कर्ता असाच उलटतो.

शब्दांना चिकटून येणारे छोटे शब्दही असेच. 'च्याशी लग्न' म्हणून 'मॅरिड विथ', 'विषयी चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट'. हवं 'मॅरिड टू' आणि नुसतं 'डिस्कस'. परीक्षा आपण देतो, ते 'टेक' करतात.

आणि हा तक्ता फक्त इंग्रजीकडून मराठीकडे जातो. बोलताना आपण उलट दिशेने निघतो. 'घालणे' घ्या. शर्ट घालणे 'वेअर', झाडाला पाणी घालणे 'वॉटर', अंडी घालणे 'ले', वाद घालणे 'आर्ग्यू'. एका मराठी शब्दाची ही चार टोकं कुठल्याच तक्त्यात एकत्र दिसत नाहीत. म्हणून क्रियापदांना मराठी अर्थ देऊच नये, फक्त वाक्यं द्यावीत.

फळाखडू

शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. ज्याला चारशे शब्द येतात, त्याला सात शब्दांच्या वाक्यात तीन शब्द अनोळखी असतात. तो अंदाजाने अर्थ लावणार, आणि चुकीचा अंदाज पक्का बसला की निघता निघत नाही. 'परवडणे' हा शब्द एका क्षणात दार उघडतो. तो काढू नका. त्याच्या शेजारी 'कर्ता माणूस' एवढं लिहा. 'स्पॅरो = चिमणी', 'रस्ट = गंज' यात तर वाक्याची गरजही नाही.

परक्या भाषकांसाठीच्या कोशांनाही ही अडचण आली होती. लाँगमनच्या १९७८ च्या कोशात सगळे अर्थ सुमारे २,००० सोप्या शब्दांतच लिहिले आहेत, ते याचसाठी. पण ते २,००० यायच्या आधी? तिथे मराठीच हवी.

अर्थाअर्थी

'कर्ता माणूस' ही टीप मान्य. मात्र वाक्य कसं आहे हेही बघा. 'ही इज अ डिलिजंट बॉय' हे वाक्य तक्त्यांमध्ये कायम असतं. 'डिलिजंट' झाका. तिथे गुड, टॉल, लेझी, काहीही चालतं. मग त्या वाक्याने काय शिकवलं? 'ही वॉज रिलक्टंट टू लेंड मी हिज बाइक' यातून 'रिलक्टंट' झाकून बघा. नाखुशी कशाची हेही कळतं आणि पुढे 'टू' लागतो हेही. शब्द झाकल्यावर जागा ओळखू आली पाहिजे. वाक्य सहा ते दहा शब्दांचं, आणि नवा शब्द एकच.

पाच कप्पे

'रोज दहा शब्द' या आकड्यावर कोणीच बोललं नाही. दहाच्या हिशेबाने महिन्याला तीनशे. उजळणीशिवाय ते टिकत नाहीत, आणि उजळणी करायची तर दुसऱ्याच आठवड्यात रोज चाळीसएक शब्द बघावे लागतात. तिथे बहुतेक जण वही बंद करतात. रोज पाच नवे पुरेत. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, सोळाव्या दिवशी आणि महिन्याने पुन्हा बघा. शब्दांची कार्डं पाच कप्प्यांच्या खोक्यात ठेवा: आठवला तो पुढच्या कप्प्यात, चुकला तो पहिल्या कप्प्यात परत. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली कप्प्यांची पद्धत हीच. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं होतात, खोक्याला बुटांचा डबा चालतो. निम्म्या वेळा मराठी बाजू वर ठेवून इंग्रजी आठवा, म्हणजे वर म्हटलेली उलटी दिशा आपोआप होते.

'बॉरो' आणि 'लेंड' एकाच दिवशी कधीही घेऊ नका. जोडीने शिकलेले सारखे किंवा उलट शब्द एकमेकांत मिसळतात. पहिला पक्का झाल्यावर दोनेक आठवड्यांनी दुसरा.

आणि 'अबँडन'पासून सुरू होणारी वर्णानुक्रमाची यादी नको. मायकेल वेस्ट यांची १९५३ ची सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांची यादी आहे. वेस्ट पूर्वी बंगालमध्ये शिक्षण खात्यात होते. परक्या भाषेतून इंग्रजीकडे येणाऱ्या मुलांचे हाल त्यांना माहीत होते.

शब्दांकित

रकाना काढून टाका हा आग्रह मी सोडतो, पण एका अटीवर: शब्द कानांनी ऐकल्याशिवाय तो भरायचा नाही. नमुन्याचं एक कार्ड करतोय. पुढच्या बाजूला शब्द. मागे: 'अ-फोर्ड', रेघ 'फोर्ड'खाली. अर्थ: परवडणे. टीप: कर्ता माणूस, आधी कॅन किंवा कान्ट. वाक्य: 'वी कान्ट अफोर्ड अ न्यू कार'. बरोबर आहे?

अर्थाअर्थी

बाकी कार्ड चांगलं आहे. वाक्यातला शब्द झाकून पाहिला. तिथे 'बाय'ही बसतं, 'फाइंड'ही बसतं. 'वी कान्ट अफोर्ड टू लूज़ अनदर मॅच' असं घ्या. तिथे 'बाय' घुसत नाही, पुढचा 'टू'ही शिकून होतो, आणि परवडणं फक्त पैशांचं नसतं हेही कळतं.